क्लिप जाऊ द्या, दार राखा

कोगनोळीचा नाका ओलांडून बेळगावकडे निघालं की निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा घाट अशी गावं आणि वळणं मागे पडत जातात. या हमरस्त्यावर आणि त्याला येऊन मिळणाऱ्या गावोगावच्या वाटांवर जुनी मारुती व्हॅन आजही राबताना दिसते. कुणी तिच्यातून बाजाराला माल नेतं, कुणी शाळेची मुलं पोचवतं, तर कुणाचा अख्खा मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा तिच्या पोटात मावतो. अशा एखाद्या व्हॅनचं पुढचं दार उघडून आतल्या बाजूला नीट पाहावं. पत्र्यावर बसवलेला, रेक्झीन चढवलेला जो आतला भाग असतो त्याला गॅरेजात डोअर पॅड म्हणतात. पुष्कळ गाड्यांत या पॅडच्या कडेला वेगवेगळ्या जातीचे चार-सहा स्क्रू ठोकलेले आढळतात. एक चपट्या डोक्याचा, दुसरा गोल डोक्याचा, तिसऱ्याखाली मोठा वॉशर, आणि एखाद्याच्या भोवती रेक्झीनवर उतरलेला गंजाचा तपकिरी ओघळ. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा त्या जागी स्क्रू नव्हते. तिथं पॅडच्या पाठीमागे दडलेल्या प्लास्टिकच्या किंवा स्प्रिंगच्या पत्र्याच्या क्लिपा होत्या. क्लिपेचं घर फाटलं, क्लिप हरवली, मग स्क्रू आला, आणि स्क्रूबरोबर गंज आला. या साखळीची सुरुवात बहुतेक वेळा एकाच गैरसमजातून होते: पॅड काढताना क्लिप तुटता कामा नये. या लेखाचं म्हणणं नेमकं उलटं आहे. क्लिप ही जाण्यासाठीच केलेली वस्तू आहे. ती सुखरूप निघाली तर उत्तम. पण क्लिप आणि पॅड, किंवा क्लिप आणि पत्रा, यांतलं एकच वाचणार असेल तर क्लिप जाऊ द्यावी आणि तिच्या जागी मापाची नवी बसवावी. दुरुस्तीचा हा सगळ्यांत स्वस्त आणि शहाणा मार्ग आहे.

ही चर्चा आज कशाला, असं कुणी विचारील. मारुतीची ही व्हॅन 1984 साली बाजारात आली, 1988 मध्ये तिचं नाव ‘ओम्नी’ झालं, आणि 2019 साली सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा तिचं उत्पादन थांबलं. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे शेवटच्या वर्षी विकलेल्या व्हॅनची पहिली मुदतसुद्धा 2034 पर्यंत चालेल. नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 रुपये झालं, तरी बेळगावचा केए-22 किंवा चिकोडीचा केए-23 हा क्रमांक असलेल्या जुन्या व्हॅन रस्त्यावर टिकून आहेत. मालक त्यांच्यावर पैसे घालतात, कारण त्या गाडीवर त्यांचं पोट आहे. इंजिनाचे भाग मिळतात, ब्रेकचे मिळतात, आणि ती कामं हुशार हातांनी होतातही. हयगय होते ती दाराच्या आत. काच वरखाली होईना, कुलूप अडकलं, स्पीकर बदलायचा आहे, दाराच्या तळाशी गंज दिसला, अशा प्रत्येक कामासाठी आधी डोअर पॅड काढावं लागतं. दाराच्या पोटातल्या सगळ्या यंत्रणेची वाट या क्लिपांवरून जाते. वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्यात एखाद्या दाराचं पॅड कितीदा तरी निघतं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं आणखी फाटून परत बसतं.

क्लिपेची रचना समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. सर्वांत साधी क्लिप आळंब्यासारखी दिसते. वर चपटं गोल डोकं, मध्ये आखूड मान, आणि खाली दोन किंवा चार लवचीक पाकळ्यांचा देठ. डोकं पॅडच्या मागच्या खाचेत अडकतं, देठ पत्र्याच्या भोकात शिरतो. देठाचं टोक निमुळतं असतं, म्हणून आत दाबताना पाकळ्या हळूहळू मिटतात आणि थोड्या जोरानं काम होतं. भोकातून पार झाल्या की त्या पुन्हा फुलतात. त्यांची मागची बाजू मात्र पुढच्या बाजूइतकी निमुळती नसते, चांगली उभी असते. त्यामुळे जाताना लागला त्याच्या कितीतरी पट जोर बाहेर येताना लागतो. हा फरक केवळ उताराच्या कोनानं साधलेला आहे. दुसरी जात देवदाराच्या झाडासारखी, म्हणजे देठावर एकाखाली एक पसरलेल्या पातळ चकत्यांची. पत्रा जाड असो की पातळ, कुठली ना कुठली चकती त्याच्यामागे जाऊन अडकतेच. तिसऱ्या जातीत दोन तुकडे असतात. बाहेरची फटीची नळी भोकात बसवायची आणि मधली खुंटी दाबली की नळीच्या पाकळ्या फाकतात. बंपरखाली, चाकाच्या कमानीत आणि छताच्या पट्ट्यांना ही सर्रास दिसते. चौथी जात पोलादी स्प्रिंगच्या पत्र्याची. या सगळ्यांत गणित एकच आहे. पाकळी वाकली की तिच्या मुळाशी ताण येतो, आणि तो पाकळीच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो, तर लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. तेवढ्याच वाकण्याला दुप्पट लांब पाकळीच्या मुळाशी चौथा हिस्साच ताण पडतो. म्हणून चांगल्या क्लिपेची पाकळी लांब आणि बारीक असते, आणि आखूड-जाड पाकळीची नकली क्लिप पहिल्या दाबालाच मुळातून तडकते.

आता प्रश्न येतो, एवढी नाजूक वस्तू मुळात ठेवलीच कशाला? पक्का नट-बोल्ट का नाही? याला दोन उत्तरं आहेत. पहिलं उत्तर उन्हात आहे. तापमान वाढलं की प्लास्टिक पोलादापेक्षा सुमारे सहा-सात पट जास्त पसरतं. एक मीटर लांबीची एबीएस प्लास्टिकची पट्टी 40 अंशांनी तापली तर तीन ते चार मिलिमीटर वाढते. तिच्यामागचा पत्रा तेवढ्याच तापमानाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. सीमाभागात हिवाळ्यातली पहाट आणि एप्रिल-मेच्या दुपारी बंद करून उन्हात उभी केलेली गाडी यांच्यात 40 अंशांचा फरक सहज पडतो. पट्टीला हा जादाचा भाग कुठंतरी सामावून घ्यावाच लागतो. म्हणून नीट आखलेल्या पॅनेलमध्ये एकच भोक गोल असतं, तेवढंच जागा पक्की करतं. बाकीची भोकं लांबट ठेवतात, म्हणजे क्लिप त्यांत सरकू शकते. स्क्रूनं ही मोकळीक बंद केली की पट्टी फुगते, करकरते आणि शेवटी स्क्रूच्या भोकातून चिरत जाते. दुसरं उत्तर आपल्या घरात आहे. विजेच्या फ्यूजमध्ये बारीक तार घालतात ती वितळण्यासाठी. तिथं जाड तार घातली तर फ्यूज उडत नाही, पण आगीची जोखीम भिंतीतल्या वायरींवर जाते. उसाच्या पट्ट्यात रोटाव्हेटर चालवणाऱ्याला हेच तत्त्व दुसऱ्या रूपात माहीत असतं. दगड आडवा आला की शिअर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. डोअर पॅडची क्लिप ही त्याच घराण्यातली. काही रुपयांचा तुकडा ताण अंगावर घेतो आणि सहज न मिळणारं पॅड व सोपेपणानं बदलता न येणारा दाराचा पत्रा शाबूत ठेवतो. तिच्या जागी स्क्रू ठोकणं म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालणं.

क्लिपा म्हाताऱ्या का होतात, हेही पाहिलं पाहिजे. बहुतेक प्लास्टिक क्लिपा नायलॉनच्या असतात, काही अ‍ॅसिटलच्या. नायलॉन अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटानं 28 फेब्रुवारी 1935 रोजी पहिल्यांदा तयार केलं, आणि 1938 मध्ये त्याचा पहिला व्यापारी वापर दात घासायच्या ब्रशच्या केसांसाठी झाला. या पदार्थाचा एक गुण क्लिपेच्या आयुष्यात निर्णायक ठरतो: नायलॉन पाणी पितं. मध्यम दमट हवेत ते आपल्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के ओलावा धरतं, आणि पाण्यात बुडवून ठेवलं तर आठ टक्क्यांहून अधिक. हा ओलावा त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकायला मदत करतो. म्हणून ओलसर नायलॉन चिवट असतं आणि कोरडं नायलॉन कडक पण ठिसूळ. बेळगाव-खानापूर बाजूच्या पावसाळ्यात क्लिप चिवट होते, तर फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या उन्हात तीच क्लिप काडीसारखी मोडते. हा ऋतूंचा खेळ वर्षानुवर्षं चालतो, पण त्याच्याखाली आणखी एक बदल कायमचा होत असतो. उन्हात बंद गाडीच्या आतलं तापमान 50 अंशांच्या वर जातं, आणि थेट ऊन पडणारा डॅशबोर्ड 70 अंशांपलीकडे. अशा उष्णतेत हवेतला ऑक्सिजन रेणूंच्या साखळ्या तोडत जातो. तुटलेली साखळी कशानंही परत जुळत नाही. त्यात वर्षानुवर्षं अर्धवट मिटलेल्या स्थितीत राहून पाकळ्या आपला मूळ फुलोरा विसरतात. पंधरा-वीस वर्षांची क्लिप काढताना तुटली तर तो काढणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. ती आधीच संपलेली होती, काढण्यानं फक्त ते उघड झालं.

तरी पॅड लटकायला लागल्यावर सगळा दोष क्लिपेवर टाकणं चूक आहे. खरा अपराधी बहुतेक वेळा पाणी असतं. दाराच्या काचेच्या कडेची रबरी पट्टी पावसाचं सगळं पाणी अडवू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. थोडं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या छोट्या भोकांतून बाहेर पडतं. पोटातलं हे पाणी पॅडपर्यंत येऊ नये म्हणून पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद डांबरासारख्या चिकट पदार्थानं चिकटवलेला असतो. पहिल्या-दुसऱ्या दुरुस्तीत हा कागद फाटतो, ‘नुसता कागद तर आहे’ म्हणून टाकला जातो, आणि तिथून पॅडचा अंत सुरू होतो. जुन्या गाड्यांची पॅडं बहुतेक हार्डबोर्डची असतात. हार्डबोर्ड ही विल्यम मेसन यांची 1924 सालची अमेरिकेतली निर्मिती. लाकडाचे तुकडे दाबाच्या वाफेनं फोडायचे आणि तो लगदा तापवून दाबायचा. लाकडातलंच लिग्निन त्याला बांधून ठेवतं. कोरडा असेतो तो घट्ट राहतो, पण सतत भिजला की तंतू फुगतात, थर सुटतात आणि क्लिपेचं डोकं धरणारी खाच पुठ्ठ्यासारखी मऊ पडते. कणकुंबीकडच्या धो धो पावसात फिरणाऱ्या व्हॅनचं पॅड आणि चिकोडीच्या कोरड्या पट्ट्यात फिरणाऱ्या व्हॅनचं पॅड शेजारी ठेवून पाहिलं, तर हा फरक खालच्या कडेला बोटानं दाबूनही कळावा. तेव्हा क्लिपेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या फाटक्या कागदात आणि चिखलानं बुजलेल्या तळाच्या भोकांत आहे.

काढण्याच्या कामात घाई आणि जोर यांपेक्षा क्रम महत्त्वाचा. पॅड ओढण्याआधी त्याला क्लिपांखेरीज आणखी काय काय धरून आहे ते शोधावं. हात टेकायच्या दांड्याचे स्क्रू खालून किंवा छोट्या झाकणाखाली लपलेले असतात. आतून दार उघडायच्या खटक्याभोवतीची चौकट वेगळी निघते. काच फिरवायचं हँडल मात्र अनेकांना कोड्यात टाकतं, कारण त्यावर कुठंच स्क्रू दिसत नाही. त्याच्या मागे, हँडल आणि पॅड यांच्या फटीत, घोड्याच्या नालाच्या आकाराची बारीक स्प्रिंग असते. ती काढायला खास हत्यार लागत नाही. जुन्या सुती कापडाची पट्टी घ्यावी, हँडलच्या मागच्या फटीत खालून सरकवावी आणि दोन्ही टोकं धरून बूट पुसतात तशी डावी-उजवीकडे घासत न्यावी. कापडाचे धागे स्प्रिंगच्या टोकाला अडकतात आणि ती टिचकी मारल्यासारखी बाहेर उडते. म्हणून दुसरा हात फटीच्या तोंडाशी ओंजळीसारखा धरावा, नाहीतर ती सीटखाली जाते आणि सापडत नाही. हे सगळं निघाल्यावरच क्लिपांना हात घालायचा. त्याआधी गाडी तासभर कोवळ्या उन्हात ठेवावी किंवा केस सुकवायच्या यंत्रानं पॅडची कड कोमट करावी. गार, कोरडी क्लिप मोडते, तर उबदार क्लिप वाकते. हा फरक फुकट मिळतो, तो सोडू नये.

आता तरफ. लांब स्क्रूड्रायव्हर फटीत घालून जोर लावणं ही सर्वांत सवयीची आणि सर्वांत महागात पडणारी पद्धत. त्याचं अरुंद टोक सगळा भार एका बिंदूवर आणतं, त्यामुळे एकीकडे रंग खरवडतो आणि दुसरीकडे हार्डबोर्ड चेपतो. त्याहून मोठी चूक म्हणजे क्लिपेपासून लांब जोर लावणं. क्लिप सुटायला लागणारा जोर तेवढाच राहतो, पण क्लिपेपासून 10 सेंटिमीटरवर उचललं तर हार्डबोर्डला वाकवणारा भार 1 सेंटिमीटरवरून उचलण्याच्या दहापट होतो, आणि पॅड क्लिपेच्या डोक्याभोवती फाटतं. म्हणून आधी बोटानं किंवा पातळ पट्टीनं कडेकडेनं चाचपत क्लिप कुठं आहे ते शोधावं, आणि हत्यार अगदी तिच्या मानेपाशी न्यावं. बाजारात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली प्लास्टिकची हत्यारं मिळतात, ती मानेच्या दोन्ही बाजूंनी बसतात आणि भार वाटून घेतात. ती नसतील तर बांबूची रुंद कामटी तासून, टोकाला खाच पाडून तेच काम होतं. बांबू रंगापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. रंगाऱ्याची लांबी भरायची पट्टी कापड गुंडाळून वापरली तरी चालते. दोन तुकड्यांच्या क्लिपेला वेगळी समजूत लागते. तिच्या मधल्या खुंटीच्या कडेला खाच असेल तर खुंटी वर उचलायची असते. खुंटीचं डोकं सपाट आणि मध्ये किंचित खोलगट असेल तर ती दोन-तीन मिलिमीटर आत दाबायची, मग नळी सैल होते. खुंटीवर स्क्रूसारखी फुली असेल तर फार न दाबता हलकेच फिरवायची. दाबून फिरवलं की प्लास्टिकचे आटे पुन्हा आत पकडतात. कुठली जात आहे हे ओळखण्यात घालवलेलं अर्धं मिनिट अर्धं काम करून जातं.

नवी क्लिप निवडताना ‘मारुतीची द्या’ एवढं सांगणं पुरेसं नसतं. वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत आणि एकाच गाडीच्या वेगवेगळ्या जागी मापं बदलू शकतात. चार मापं घ्यावीत: पत्र्यातल्या भोकाचा व्यास, पॅडच्या खाचेची रुंदी, पत्रा आणि पॅड मिळून क्लिपेनं धरायची जाडी, आणि डोक्याचा व्यास. भोकाला हव्या त्या मापापेक्षा देठ अर्धा मिलिमीटर जाड असला तरी पाकळ्या मर्यादेबाहेर मिटतात आणि मुळात चिरतात. तेवढाच बारीक असला तर पॅड पहिल्या खड्ड्यापासून खडखडतं. या बाबतीत बेळगावकराला सबब नाही. उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांत, ओतकामाच्या आणि यंत्रकामाच्या शेडमध्ये, व्हर्नियर कॅलिपर हे रोजच्या हाताचं हत्यार आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शावर भाग नापास करणारं हे शहर आहे. त्याच शहरातल्या गॅरेजात क्लिप नजरेच्या अंदाजानं निवडली जाऊ नये. न तुटलेली एक जुनी क्लिप नमुन्याला सोबत न्यावी, पण शेवटचा शब्द भोकाच्या मापाचा मानावा, कारण जुन्या क्लिपेचा देठ वर्षानुवर्षांच्या दाबानं बारीक झालेला असतो.

बसवताना तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, दाराच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करावीत आणि प्लास्टिकचा कागद फाटला असेल तर जाड पॉलिथिनचा नवा कापून नीट चिकटवावा, त्याची खालची कड दाराच्या आत वळवावी, म्हणजे पाणी पोटातच उतरेल. दुसरी, क्लिपेच्या मानेभोवती रबराची किंवा फोमची चकती असेल तर तीही नवी घालावी. तिच्यामुळे भोकातून पाणी झिरपत नाही आणि खडखडाट थांबतो. तिसरी, नव्या नायलॉन क्लिपा बंद पिशवीत सुकलेल्या असू शकतात, म्हणून त्या तासभर गरम पाण्यात ठेवाव्यात. पूर्ण ओलावा मुरायला याहून जास्त वेळ लागतो, पण पातळ पाकळीला तेवढ्यानंही चिवटपणा येतो. हा उपाय नव्या क्लिपेसाठी आहे. ज्या जुन्या क्लिपेच्या साखळ्या उन्हानं तुटल्या आहेत, तिला पाणी नवं आयुष्य देऊ शकत नाही. मग सगळ्या क्लिपा आधी पॅडच्या खाचांत बसवाव्यात, प्रत्येक देठ आपल्या भोकासमोर आहे का ते पाहावं, आणि मगच तळव्यानं एकेक दाबावी. ‘टक्’ असा एकच स्वच्छ आवाज आला की काम झालं. आवाज न येता जोर लागत असेल तर देठ भोकाच्या कडेवर आहे असं समजावं आणि थांबावं. मुठीनं ठोकणं हे क्लिप मोडण्याचं सर्वांत खात्रीचं साधन आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की स्क्रू जास्त मजबूत धरतो, खड्ड्यांच्या रस्त्याला तोच बरा. स्क्रूची पकड जास्त असते हे खरं आहे. पण पॅडला तेवढ्या पकडीची गरजच नसते. त्याला लागते ती हलण्याची मोकळीक आणि अनेक ठिकाणी वाटलेला हलका आधार. स्क्रू पत्र्यात शिरताना रंगाचा आणि गंजरोधक थराचा घास घेतो. तिथं उघडं लोखंड आणि दाराच्या पोटातलं पाणी समोरासमोर येतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणून गंज शेजारचा रंगही उचलत जातो. भोक मोठं होतं, मग त्याहून जाड स्क्रू लागतो, आणि असं तीनदा झालं की पत्र्याला वेल्डिंगशिवाय इलाज राहत नाही. धोकाही आहे. दाराच्या पोटात काच उतरते. बाजूची काच टफन्ड, म्हणजे पृष्ठभागावर कायम दाब साठवलेली असते. तिच्या कडेला लांब स्क्रूचं टोक घासलं तर ती एका चिरेवर थांबत नाही, सगळीच्या सगळी दाण्यांत कोसळते. ज्या दारात स्पीकरच्या वायरी ओढलेल्या आहेत, तिथं स्क्रूचं टोक वायरीच्या आवरणातही शिरू शकतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि मिळण्याचा. जुन्या व्हॅनच्या क्लिपा आता कुठं मिळणार, आणि एवढ्या जुन्या गाडीला एवढं करायचं तरी कशाला? क्लिप ही अमुक गाडीचीच वस्तू नसते. मापं जुळली की दुसऱ्या कुठल्याही गाडीची क्लिप तेच काम करते, म्हणून वर सांगितलेली चार मापं हीच खरी ओळखपत्रं. खाच फाटली असेल तर पॅडच्या मागून पातळ हार्डबोर्डचा किंवा प्लायवुडचा तुकडा चिकटवून त्यात नवी खाच पाडता येते, आणि कुशनचं काम करणारा कारागीर जुन्या पॅडवरून छाप घेऊन संपूर्ण नवं पॅडही कापू शकतो. खर्चाचा हिशेब करायचा तर पूर्ण करावा. एका दाराच्या क्लिपा, कागदाचा तुकडा आणि तासाभराचं काम एका पारड्यात ठेवावं, आणि गंजलेल्या दाराचं वेल्डिंग, डेंटिंग, पेंटिंग दुसऱ्या पारड्यात. नूतनीकरणाचं शुल्क आणि तपासणीची दगदग सोसून जो मालक गाडी आणखी पाच वर्षं चालवणार आहे, त्याच्यासाठी पहिलं पारडंच हलकं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत विचार करण्याजोगा आहे. तुटलेली नसेल तर तीच क्लिप पुन्हा का वापरू नये? काटकसर हा आपल्याकडचा चांगला संस्कार आहे, आणि तो मोडायला कुणी सांगू नये. पाकळ्या अजून फुललेल्या असतील, मुळाशी पांढुरकी रेघ दिसत नसेल, बोटानं दाबल्यावर परत येत असेल, तर ती क्लिप खुशाल वापरावी. पांढुरकी रेघ हा मात्र ठाम इशारा आहे, तिथं प्लास्टिक आतून ताणलं गेलेलं असतं. पुनर्वापराबाबतची एक शिस्त विमानांच्या जगाकडून घेता येते, आणि ते जग इथून लांब नाही. बेळगाव-निपाणी रस्त्यावर हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनतात. विमानांच्या देखभालीत नट सुटू नये म्हणून घालायची दुपाखी पिन एकदा काढली की पुन्हा कधीच वापरत नाहीत, ती कितीही धड दिसली तरी. तिची किंमत नगण्य असते, आणि ती जे राखते ते अमूल्य. व्हॅनचं दार म्हणजे विमान नव्हे, म्हणून इथं धड क्लिप परत वापरायला हरकत नाही. पण विचार तोच आहे. लहान जोडणीची किंमत तिच्या स्वतःच्या भावावरून ठरवू नये, ती काय राखते यावरून ठरवावी.

गॅरेजवाल्यांनी एका डब्यात चार-पाच मापांच्या क्लिपा, एक व्हर्नियर आणि खाच पाडलेली एक कामटी एवढंच ठेवलं, आणि मालकांनी पॅड काढायला सांगतानाच ‘क्लिपा नव्या घाला, कागद नवा लावा’ एवढं म्हटलं, तर सीमाभागातल्या कितीतरी जुन्या व्हॅनची दारं आणखी दहा पावसाळे काढतील. पुढच्या वेळी दाराचं काम निघालं की स्क्रूचा डबा बंदच राहू द्या.